आतून पांढरी अकरा

१

हॉलच्या भिंतीवर खिळे अकरा होते. त्यांना टांगलेली तांब्याची भांडी अकरा: लांब दांड्याचे पॅन सहा, दोन कानांची पातेली तीन, झाकणाचं लांबट भांडं एक आणि कडीला अडकवलेलं मोठं वाडगं एक. बाहेरून तांबडी अकरा. आतून पांढरी अकरा.

सृष्टीनं खुर्चीवर चढून प्रत्येकात डोकावून पाहिलं, खाली उतरली, पुन्हा चढली आणि पुन्हा मोजलं. आकडा बदलला नाही.

"शेफ, भांडी तर पुरी आहेत," ती म्हणाली.

"पुरी हायेत की. पण हे माझं न्हाय." दिग्विजयनं वाडग्याकडे बोट केलं, पण हात लावला नाही.

दिग्विजय मूळचा करकंबचा. चार वर्षं फ्रान्समधल्या ल्यों शहरात स्वयंपाक शिकून आलेला. एरवी तो पुस्तकातलं मराठी बोले. राग आला की मात्र करकंब जिभेवर येई. आज सकाळी पुण्याहून परतल्यापासून ते तिथंच मुक्कामाला होतं.

अक्कलकोटहून मैंदर्गीकडे जाताना डाव्या हाताला ईश्वरप्पांचा द्राक्षमळा लागतो. मळ्यात वाइनरी आहे आणि वाइनरीला लागून दोन वर्षांपूर्वी निघालेलं फ्रेंच पद्धतीचं रेस्टॉरंट. त्याचं नाव ‘ला त्रेय’, म्हणजे द्राक्षांचा मांडव. मैंदर्गीत मात्र सगळे ‘लात्रे हॉटेल’ म्हणत, आणि नवख्या माणसाला वाटे की मालकाचं आडनावच लात्रे.

दिग्विजयचं वाडगं त्याच्या ल्योंच्या गुरूनं निरोपाच्या दिवशी दिलेलं होतं. त्याचं बूड अर्ध्या नारळासारखं गोल, डाव्या अंगाला अंगठा मावेल एवढा पोचा, आणि मुख्य म्हणजे ते आतूनही तांबडं होतं. अंड्याचा पांढरा बलक फेटायला ते वापरायचं, दुसऱ्या कशालाही नाही. भिंतीवर आता जे टांगलं होतं ते सपाट बुडाचं होतं, पोचा नसलेलं आणि आतून चांदीसारखं लखलखीत.

"असली पातेली सोलापूरच्या बाजारात हारीनं मिळत्यात," दिग्विजय म्हणाला. "माझं नेलं आन हे अडकवलं. खिळा रिकामा दिसू नये म्हणून."

सृष्टी अजून वाडग्याकडेच बघत होती. खिळा रिकामा दिसू नये एवढी काळजी घेणारा चोर आतून पांढरं भांडं का आणेल, हे तिला कळत नव्हतं. पहिल्या नजरेला पकडलं जाणारच होतं ते.

२

सृष्टी रेस्टॉरंटची माणूस नव्हे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती वाइनरीच्या प्रयोगशाळेत लागली होती. गेल्या वर्षी एका टाकीतल्या वाइनला कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागला, तेव्हा ते का होतंय हे तिनं शोधून काढलं. तेव्हापासून मळ्यावर काहीही बिघडलं की ईश्वरप्पा म्हणत, सृष्टीला बोलवा. मग तो पंप असो, मिक्सर असो की पाहुण्याचं पोट.

आजही त्यांनीच तिला बोलावलं होतं. ते हॉलमध्ये बसले होते. शेजारी त्यांची पत्नी राजेश्वरी, जिला सगळे वहिनी म्हणत. पाहुण्यांचा हॉल, फुलं, टेबलं, चादरी हा सगळा कारभार वहिनींचा. घर कट्टर शाकाहारी, त्यामुळे अंडी-मांस शिजणाऱ्या स्वयंपाकघराचा उंबरा त्या ओलांडत नसत. सांगायचं ते दारात उभं राहून सांगत.

उद्या शनिवारी पुण्याहून बारा पाहुणे येणार होते. सगळे वाइनमधले जाणकार. त्यांना जेवण आवडलं तर ‘ला त्रेय’ चालणार, नाही तर मार्चमध्ये बंद करायचं, असं ईश्वरप्पांनी ठरवून टाकलं होतं. जेवणाचा मानाचा पदार्थ होता हुरड्याचा सुफ्ले. फेटलेल्या पांढऱ्या बलकाच्या जोरावर भट्टीत वाटीबाहेर फुगून येतो, पाव आणि ढोकळ्याच्या मधला काहीतरी, पण ढगाइतका हलका. तो त्या वाडग्याशिवाय धड होणार नाही, असं दिग्विजयचं म्हणणं होतं.

"शोधायचं काय त्यात?" वहिनी म्हणाल्या. "कुंडलिकनं स्वतः पाहिलंय."

कुंडलिक गेटवरचा वॉचमन. तो पुढे झाला आणि त्यानं सांगितलं की बुधवारी संध्याकाळी बसू घरी जायला निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीत तांब्याचं गोल भांडं होतं. पिशवीचं तोंड उघडंच होतं. "लई चमकत होतं. म्या इचारलं न्हाई, पोरगं आपलंच म्हणून."

बसू म्हणजे बसवराज, दिग्विजयच्या हाताखालचा स्वयंपाकी. बावीस वर्षांचा, मैंदर्गीचाच. मंगळवार आणि बुधवार रेस्टॉरंट बंद असतं. दिग्विजय ते दोन दिवस आणि गुरुवारसुद्धा पुण्यात होता, चीज आणि लोणी आणायला. बसू मात्र बुधवारी मळ्यावर येऊन गेला होता, सुट्टी असूनही.

ईश्वरप्पांनी चष्मा काढून पुसला. सोमवारी बसू पुदुच्चेरीला निघणार होता. तिथल्या एका मोठ्या स्वयंपाकघरात सहा महिने शिकायला त्याला घेतलं होतं, तेही दिग्विजयच्या शब्दावर. चोरीची तक्रार नोंदली गेली तर ते दार बंद होणार, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाच वाजेपर्यंत बघा," ते सृष्टीला म्हणाले. "नाही उलगडलं तर मी ठाण्यात फोन करतो. माझा नाइलाज आहे."

३

बसू मागच्या अंगणात हुरड्याची कणसं मळत बसला होता. सृष्टी आली तरी त्यानं मान वर केली नाही.

"तुमीपण इचारा, अक्का," तो म्हणाला. "सकाळधरनं सगळे एकच इचारतात. मी एकच सांगतो."

"काय सांगतोस?"

"पिशवीत आमची घागर होती. घरची. आईची."

"ती घागर आता कुठे आहे?"

"चुलीजवळ. पाणी भरलंय तिच्यात." त्यानं कणीस दाबून चोळलं. "घागर हाय म्हटलं तर वैनी म्हणतात, घागर काय सगळ्यांच्याच घरी असते. मग मी काय दाखवू? आईला बोलावून आणू की ठाण्यात?"

सृष्टीनं आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. शेफचं वाडगं त्यानं शेवटचं सोमवारी रात्री पुसून टांगलं होतं. आतून तांबडं? व्हय, तांबडंच, लिंबू-मिठानं मीच घासतो की. नवं भांडं कधी पाहिलं? आज सकाळी, शेफ ओरडले तेव्हा. गुरुवारी हॉलमधली लग्नाची पार्टी होती, साधं जेवण, भिंतीवरचं काही काढलंच नाही.

ती उठून निघाली तेव्हा तो मागून म्हणाला, "शेफनं मला त्या वाडग्यात फेटायला शिकवलं, अक्का. पहिले दोन महिने हातच लावू देत नव्हते. मी ते चोरून करू काय? आमच्या घरात अंडं शिजत नाही."

हे शेवटचं तिला पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि घड्याळ पुढे चाललं होतं.

ती पुन्हा भिंतीपाशी आली. वाडगं खिळ्यावरून उतरवून तिनं पालथं केलं, नाकाशी नेलं, हातावर तोललं. मग कडी पाहिली. पितळेची जाड कडी, आणि खिळा जिथं टेकतो तिथं झिजून निम्मी झालेली. बाजारातून परवा आणलेल्या भांड्याची कडी झिजते कशी?

कडीच्या आतल्या अंगाला राखाडी पांढरा थेंब होता, मोहरीएवढा, कडक. तिनं नखानं खरवडला. नखाखाली तो चमकला.

४

दिग्विजय लोण्याचे ठोकळे करून फ्रीजमध्ये लावत होता. आवाज आता थंड होता, म्हणजे करकंब मागे सरलं होतं.

"एक विचारू? अंडी फेटायला आतून तांबडं भांडंच का?" सृष्टीनं सुरुवात केली. उत्तर तिला थोडंफार माहीत होतं. तिला दिग्विजयला बोलतं करायचं होतं.

"तांबं बलकाला बांधून ठेवतं. स्टीलमध्ये फेटलेला फेस पाणी सोडतो, तांब्यात लवकर सोडत नाही. का, ते तुम्ही सांगायचं."

"बलकातल्या एका प्रथिनाला तांब्याचा कण चिकटतो. मग ते सहज विस्कटत नाही." ती ओट्याला टेकली. "पण मग बाकीची दहा आतून पांढरी का?"

"त्यात शिजवायचं असतं, मॅडम. तांब्यात आंबट शिजवलं की कळकतं. म्हणून आतून कथलाचा थर. फ्रान्समध्येही तसंच आणि आमच्या आजीकडेही तसंच." तो हसला, सकाळपासून पहिल्यांदा. "थरही काही अमर नसतो. धाकटे दोन पॅन बघा ना, बुडाला सगळा उडालाय. तांबं दिसतं. त्यात मी टोमॅटो, वाइन काही घालत नाही. पुण्याला नेऊन नवा थर करायचा होता, पण या खेपेला गाडीत जागाच नव्हती."

सृष्टी ओट्यापासून सरळ झाली.

"धाकटे दोन पॅन? आतून तांबडे?"

"बुडाला, हो. हाताएवढा डाग."

ती हॉलमध्ये गेली. खुर्ची अजून तिथंच होती. सर्वांत धाकटा पॅन तिनं उतरवला, मग त्याच्या शेजारचा. दोन्हींच्या बुडात तिचा स्वतःचा चेहरा दिसला, पांढऱ्या चकाकीत जरा पसरट झालेला.

आतून पांढरी अकरा. सकाळीच मोजली होती तिनं. आकडा बरोबर होता. तो किती असायला हवा होता, हे विचारायचं राहिलं होतं. एक वाडगं गेलं असतं तर पांढरी आठ राहिली असती आणि नवं धरून नऊ. अकरा होत नव्हती. वाडगं चोरणारा माणूस आणखी दोन पॅनना फुकट थर देऊन जात नाही.

आणि मग बसूचं बोलणं आठवलं. घागर त्याच्या घरची, घरीच परत गेली. ती मळ्यावर आली होती कशाला?

५

गेटबाहेरच्या लिंबाखाली जमीन एके ठिकाणी काळी पडली होती. सृष्टीनं बुटाच्या टोकानं माती उकरली. कोळशाचा चुरा, जळलेल्या कापसाचा बोळा आणि पांढरी भुकटी. भुकटी चिमटीत घेऊन तिनं हुंगली. नवसागर.

कुंडलिक केबिनमधून पाहत होता. ती जवळ आली तसा तो उभा राहिला.

"मामा, बुधवारी कल्हईवाला आला होता."

"आलता की. दस्तगीर चाचा, अक्कलकोटचा. दर साली संक्रांतीच्या आधी येतोय. आसपासच्या वस्तीवरची समदी भांडी हितंच येत्यात."

"बसूच्या आईची घागरही?"

कुंडलिकनं डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. "असंल. म्या काय समद्यांची भांडी बघत बसत न्हाई."

"आणि भिंतीवरची अकरा?"

लिंबावरून एक कावळा उडाला, त्याच्याकडेही त्यानं लक्षपूर्वक पाहून घेतलं.

"मला इचारू नका, ताई. मला सांगितलंय बोलायचं न्हाई म्हणून. पण म्या मोजून नेली आन मोजून टांगली. अकराच्या अकरा. त्यातलं एकबी हिकडचं तिकडं झालं न्हाई. चोरी झाली ती त्याच्या म्होरं."

"कुणी सांगितलंय?"

त्यानं नुसतं हॉलच्या दिशेनं पाहिलं. चार वाजून गेले होते.

सृष्टीनं त्याच्याकडून दस्तगीर चाचांचा नंबर घेतला आणि तिथंच उभं राहून फोन लावला. चाचांना ते भांडं चांगलं आठवत होतं. तक्रार आहे म्हटल्यावर ते दुखावले. "तक्रार कायकू, बेटा? कल्हई पूरी गेली थी, कर दिया. बूड गोल था, हलता था, तो ठोकके बिठा दिया. पोचा बी काड्या. वो दोनों काम तो मैं फुकट में किया."

६

पाचला दहा मिनिटं कमी असताना सगळे स्वयंपाकघरात जमले. वहिनी दारात, उंबऱ्याच्या बाहेर. बसू हात मागे बांधून भिंतीला टेकला होता. ईश्वरप्पांच्या हातात फोन होता.

सृष्टीनं वाडगं मोठ्या शेगडीवर ठेवलं. सपाट बुडामुळे ते छान बसलं. आत तिनं प्रयोगशाळेतल्या तापमापकाची तार टेकवली.

"हे बाजारातलं भांडं आहे ना? मग बिघडलं तरी चालेल," ती म्हणाली आणि जाळ लावला.

ज्वाळा बुडाला भिडल्या. आकडा चढत गेला. दोनशेपर्यंत काही घडलं नाही. ईश्वरप्पांनी दोनदा घड्याळ पाहिलं. दोनशे बत्तीसवर, म्हणजे कथील वितळतं तिथं, आकडा अडकून बसला, आणि वाडग्याच्या तळाची चकाकी हलली, पाण्यासारखी. सृष्टीनं चिमट्यात कापसाचा जाड बोळा धरून ती तळापासून काठापर्यंत पुसली.

बोळ्यामागे तांबडा पट्टा उमटला.

दिग्विजय पुढे झाला. तिनं जाळ बंद करून चिमट्यानं कडी उचलून त्याच्यासमोर धरली. "कडी बघा, शेफ. कडीला कुणी हात लावलेला नाही. किती वर्षं झिजलीय ती?"

त्यानं वाकून पाहिलं. "माझ्या गुरूंच्या आधीपास्नं," तो हळू म्हणाला. "हे... हेच हाय."

मग सृष्टीनं थोडक्यात सांगितलं. काहीच चोरीला गेलेलं नाही. बुधवारी गेटवर कल्हईवाला बसला होता. बसूची घागर त्याच्याकडे होती आणि भिंतीवरची अकरा भांडीही. धाकट्या दोन पॅनचे डाग म्हणूनच गेले. वाडग्याला कल्हई झाली, पोचा निघाला, बूड बसलं. एवढं बदललं की मालकालाही ते ओळखू आलं नाही. भांडी कुणी दिली, हे तिनं सांगितलं नाही.

दारात वहिनींनी पदर सावरला.

"मी दिली," त्या म्हणाल्या. "सोमवारी शेफनी पॅन काढला तेव्हा आत तांबडं दिसलं. म्हटलं, बारा परकी माणसं जेवणार, कळकलेलं पोटात गेलं तर? आमच्याकडे पंगत असली की आधी कल्हई होते. शेफ भिंतीला हात लावू देत नाहीत, म्हणून कुंडलिकला म्हटलं, बोलू नकोस." त्यांनी वाडग्याकडे पाहिलं. "दस्तगीरला मी एवढंच सांगितलं, ज्यांची कल्हई गेलीय त्यांना कर. त्याची तर सगळीच गेली होती."

ईश्वरप्पांनी फोन खिशात ठेवला आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले, ते फक्त वहिनींना आणि बसूला कळलं.

"वहिनी, पण सकाळी तुम्ही बोलला का नाही?" दिग्विजयनं विचारलं.

"चोरी वेगळी आणि कल्हई वेगळी, असंच वाटलं मला. भांडं समोर टांगलेलं होतं ना. तुम्ही म्हणालात तांबडं गेलं. तांबडं गेलं म्हणजे नेलं कुणीतरी, असं मी धरलं. आणि तुम्ही चिडाल, हेही होतंच."

मग त्यांनी बसूकडे पाहिलं. तो अजून भिंतीलाच टेकून होता.

"बसू, तुझ्या आईच्या कानावर काय गेलंय?"

"सगळं," बसू म्हणाला. "दुपारीच गेलं. मैंदर्गी केवढी हाय, वैनी."

"मग मी आत्ताच येते. तू गाडीत बस. मी बोलेन, तू गप्प राहायचं."

"घागर बघायची का आधी?" बसूनं विचारलं. त्याच्या आवाजात एवढा वेळ दाबून ठेवलेलं काहीतरी होतं.

"बघेन," वहिनी म्हणाल्या. "त्या घागरीतलं पाणीही पिईन."

७

तरी एक प्रश्न उरला होता, आणि रात्रभर तो दिग्विजयइतकाच सृष्टीलाही छळत राहिला. कथील पुसलं तरी त्याचा अंश तांब्यात मुरलेला असणार. बूड सपाट झालं होतं. भांडं तेच होतं, पण ते पूर्वीचं काम करेल का?

शनिवारी सकाळी बसूनं वाडगं लिंबू-मिठानं घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. चौथ्या वेळी आतला करडेपणा गेला आणि संध्याकाळच्या उन्हासारखा रंग वर आला. दिग्विजयनं ते ओट्यावर ठेवलं. पूर्वी खाली ओल्या फडक्याचं वेटोळं करावं लागे. आता ते आपलं आपण उभं राहिलं. तो काही वेळ त्याच्याकडे नाराजीनं पाहत होता, मग म्हणाला की हे एक बरं झालं, पण चाचांना सांगू नका.

फेटायचं कुणी, यावर चर्चा झाली नाही. दिग्विजयनं फेटणी बसूच्या हातात दिली.

सृष्टीनं अट घातली की एकच घाणा करायचा नाही, दोन करायचे. एकाच वेळची अंडी, तेवढाच हुरडा, तेवढंच चीज, एकच भट्टी, एकच माणूस. एक स्टीलच्या भांड्यात आणि एक तांब्याच्या. बसूनं बाह्या सारल्या. आधी स्टील, मग तांबं. मनगटाचा ताल दोन्ही वेळा सारखाच राहावा म्हणून तो ओठांतल्या ओठांत एक कन्नड वचन म्हणत होता, आई जात्यावर म्हणते ते. वहिनी दारात उभ्या होत्या. आज त्या उंबऱ्यावर टेकून बसल्या, पाय मात्र बाहेर.

दोन वाट्या भट्टीत गेल्या. काचेतून सगळे पाहत राहिले. कुंडलिक गेट सोडून आला होता आणि त्याला कुणी हटकलं नाही.

वाट्या बाहेर आल्या. सृष्टीनं खिशातून स्टीलची पट्टी काढली, वाटीच्या काठाला टेकवली आणि आधी एक, मग दुसरी, अशी काठापासून माथ्यापर्यंत मोजली. पाच मिनिटांनी पुन्हा मोजली.

स्टील: दोन सेंटिमीटर सहा मिलिमीटर. पाच मिनिटांनी, नऊ मिलिमीटर.

तांबं: चार सेंटिमीटर एक मिलिमीटर. पाच मिनिटांनी, तीन सेंटिमीटर दोन मिलिमीटर.